गेमचा डबा प्रदर्शनात असावा का?



विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या एका विद्यार्थ्याने प्लायवुडच्या ठोकळ्यात संगणक बसवला आहे. ठोकळा हिरवा-तपकिरी, ‘माइनक्राफ्ट’ या २०११ च्या गेममधल्या गवत-मातीच्या ठोकळ्यासारखा. “शाळेत गेम कशाला?” असे एका विश्वस्तांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. तरी परवानगी द्यावी असे माझे मत आहे.

मी हिंदी माध्यमाचा पदवीधर, संगणक उशिरा शिकलो. म्हणून त्याच्याकडूनच समजून घेतले. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड जेमतेम १७ सेंटिमीटर लांब-रुंद. शेजारीच ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय. खरा प्रश्न उष्णतेचा! पहिल्या डब्यात हवेला वाटच नव्हती. गेम सुरू होताच प्रोसेसर तापून मंदावला. मग खाली-वर जाळ्या कापल्या, तरी तापणे थांबेना. शेवटी आजीने उदबत्ती धरायला सांगितली. धूर आत जाण्याऐवजी बाहेर आला, तेव्हा खालचा पंखा उलटा बसल्याचे कळले. आमच्या प्रयोगवहीत एवढे कुठे असते?

खर्चाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. ही हौस प्रत्येक घराला परवडणारी नाही. म्हणून प्रदर्शनात गेम बंद ठेवून डबा उघडा मांडावा, आणि शाळेच्या अडगळीतले दोन जुने संगणक शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांना खोलायला द्यावेत, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहे.