घरपट्टीच्या बिलातली शाळा

ऑक्टोबर आला की कॅलिफोर्नियातल्या घरमालकांना कौंटीकडून प्रॉपर्टी टॅक्सचे बिल येते. बँक एस्क्रोमधून परस्पर पैसे भरत असेल तर बहुतेक घरांत ते उघडलेही जात नाही. उघडलेच, तर नजर थेट शेवटच्या रकमेवर जाते. फ्रीमॉन्टमधल्या एखाद्या घराचे बिल जरा सावकाश वाचून पाहावे. वर सर्वसाधारण कर, घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्का. त्याखाली बारीक अक्षरांत एकेक ओळ: फ्रीमॉन्ट युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्ट, ओलोनी कॉलेज, बार्ट, ईस्ट बे रीजनल पार्क. प्रत्येकीपुढे वेगळा दर, वेगळी रक्कम. या ओळी कर्जरोख्यांच्या, म्हणजे सार्वजनिक कामांसाठी काढलेल्या कर्जाच्या परतफेडीच्या. त्या कोणा अधिकाऱ्याच्या सहीने आलेल्या नाहीत. त्या त्या भागातल्या मतदारांनी मतपत्रिकेवर होकार दिला, म्हणून त्या बिलात आल्या.

पुण्या-नाशिकच्या घरपट्टीतही शिक्षण उपकर असतो. पण तो राज्याने १९६२ च्या कायद्याने बसवलेला. त्यासाठी कोणी दारावर मत मागायला येत नाही. आपल्या मराठी मंडळातली बहुसंख्य कुटुंबे त्या सवयीतून इथे आली आहेत. शाळेचे रेटिंग पाहूनच घर घेणारी, त्यापायी लाख-दोन लाख डॉलर जास्त मोजणारी ही कुटुंबे मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या मेझरपर्यंत, म्हणजे स्थानिक प्रस्तावापर्यंत, पोचतच नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या घरात आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टने किती कर्ज मागितले आहे हे कोणाला ठाऊक नसते.

या पद्धतीचे मूळ ६ जून १९७८ च्या मतदानात आहे. सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भराभर चढल्या, त्यांच्याबरोबर करही चढले, आणि निवृत्त माणसांना राहते घर हातचे जाईल अशी धास्ती वाटू लागली. हॉवर्ड जार्विस यांनी पुढे आणलेल्या प्रपोझिशन १३ ला जवळजवळ ६५ टक्के मते पडली. सर्वसाधारण कर १ टक्क्यावर बांधला गेला, घर विकले जाईपर्यंत त्याची नोंदलेली किंमत वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढणार असे ठरले, आणि विशिष्ट कामासाठी स्थानिक कर लावायचा तर दोन-तृतीयांश मतांची अट आली. शाळांचा आर्थिक भार सॅक्रामेंटोकडे, म्हणजे राज्य सरकारकडे सरकला. इमारतींसाठी मतदारांच्या संमतीने कर्जरोखे काढण्याची वाटसुद्धा बंद झाली. ती १९८६ मध्ये पुन्हा उघडली, तीही दोन-तृतीयांशाच्या अटीवर.

नोव्हेंबर २००० मध्ये प्रपोझिशन ३९ ने शाळांच्या कर्जरोख्यांसाठी ही अट ५५ टक्क्यांवर आणली. त्याच वर्षी मार्चमध्ये साध्या बहुमताचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला होता, त्यामुळे ५५ हा मधला मार्ग होता. बदल्यात शाळांवर बंधने आली. कामांची यादी आधी जाहीर करायची, दर वर्षी हिशेबतपासणी करायची, नागरिकांची देखरेख समिती नेमायची. युनिफाइड डिस्ट्रिक्टला एका मतदानात मंजूर झालेल्या रोख्यांसाठी नोंदलेल्या किमतीच्या दर लाखामागे अंदाजे ६० डॉलरपेक्षा जास्त वार्षिक कर लागणार नाही, अशी मर्यादाही ठरली.

नोंदलेली किंमत ही यातली खरी मेख आहे. समजा, एका गल्लीत दोन सारखी घरे आहेत. एक नुकतेच १२ लाखांना विकले गेले. शेजारच्या घरात चाळीस वर्षांपासून तेच कुटुंब राहते आणि त्याची नोंदलेली किंमत दीड लाखाच्या आसपास आहे. ६० डॉलरच्या दराने पहिल्या घराला वर्षाला ७२० डॉलर पडतात, दुसऱ्याला ९०. शाळा तीच, रस्ता तोच. या तफावतीवर स्टेफनी नॉर्डलिंगर या घरमालकिणीने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९९२ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला आणि पद्धत कायम राहिली. मंडळातली बरीच घरे गेल्या दहा-पंधरा वर्षांत घेतलेली आहेत, म्हणजे प्रत्येक नव्या कर्जरोख्याचा मोठा वाटा त्यांच्याच माथी येतो. मेझर वाचायला एवढे एक कारणही पुरेसे आहे.

तरीही या पैशाची गरज खरी आहे. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी लाँग बीचला भूकंप झाला तेव्हा शाळांच्या २३० इमारती कोसळल्या, मोडकळीला आल्या किंवा वापरायला असुरक्षित ठरल्या. शाळा सुटून गेली होती म्हणून मुले वाचली. महिन्याभरात फील्ड अ‍ॅक्ट झाला आणि शाळांच्या बांधकामाला भूकंपरोधक निकष सक्तीचे झाले. असे बांधकाम स्वस्तात होत नाही, आणि जुन्या छपराला, जुन्या वायरिंगला, पोर्टेबल वर्गांना कधीतरी हात घालावाच लागतो. फ्रीमॉन्टने जून २०१४ मध्ये मेझर ई मंजूर करून ६५ कोटी डॉलरचे रोखे मान्य केले. त्यातून जुन्या ज्युनिअर हायस्कूलांचे सहावी ते आठवीच्या मिडल स्कूलांत रूपांतर करण्याचे काम झाले.

मात्र या पैशातून शिक्षकांचा पगार देता येत नाही. रोखे इमारतींसाठी, साहित्यासाठी. शिकवणारी माणसे टिकवायची तर पार्सल टॅक्स लागतो. तो बहुधा घराच्या किमतीवर नसतो, दर मालमत्तेमागे ठरावीक रकमेचा असतो, आणि स्कूल डिस्ट्रिक्टला तो लावायचा तर सहसा दोन-तृतीयांश मते मिळवावी लागतात. "मागच्या वेळी शाळेला दिले की, मग संगीताचा तास का बंद झाला?" असे विचारणाऱ्या पालकांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

दोन-तृतीयांश म्हणजे किती चिंचोळी वाट, ते सँटा क्लारा कौंटीने २००८ मध्ये अनुभवले. बार्ट रेल्वे पुढे नेल्यावर ती चालवायला आठवा हिस्सा सेंटचा विक्रीकर मागणारे मेझर बी मतदानात होते. हवी होती ६६.६७ टक्के मते. मोजणी कित्येक दिवस चालली आणि शेवटी ६६.७८ टक्के भरली. मिलपिटास आणि बेरिएसा ही स्थानके १३ जून २०२० ला सुरू झाली.

म्हणून दिसेल त्या मेझरला डोळे मिटून "हो" म्हणावे का? तसेही नाही. सॅन डिएगोजवळच्या पोवे युनिफाइड डिस्ट्रिक्टची गोष्ट प्रत्येक पालकाने वाचायला हवी. तिथल्या मतदारांनी फेब्रुवारी २००८ मध्ये प्रपोझिशन सी मंजूर केले. कराचा दर वाढणार नाही, असे वचन दिले गेले होते. दर वाढवायचा नाही आणि बांधकाम तर थांबवायचे नाही, तेव्हा डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये १० कोटी ५० लाख डॉलर असे उचलले की पहिली वीस वर्षे त्यावर काही भरायचेच नाही. गृहकर्जाचा हप्ता वीस वर्षे न भरता व्याजावर व्याज चढू द्यावे, तसाच हा प्रकार होता. परतफेड २०३३ पासून, एकूण जवळजवळ ९८ कोटी डॉलर, आणि मुदतीआधी फेडून मोकळे होण्याची सोयही नाही. २०११ मध्ये किंडरगार्टनमध्ये बसलेले मूल तेव्हा सत्तावीस वर्षांचे झालेले असेल आणि तिथेच घर घेतले तर आपल्या वर्गखोलीचे व्याज स्वतः भरेल. २०१२ मध्ये पत्रकारांनी हे उघडकीला आणल्यावर राज्यभर संताप उसळला. २०१३ मध्ये कायदा झाला: एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीहून जास्त नको आणि अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांवर नको.

मतपत्रिकेवरचा मजकूर ७५ शब्दांत बसवावा लागतो, आणि त्यात गळकी छपरे, विज्ञानाच्या प्रयोगशाळा, मुलांची सुरक्षितता असे सगळे गोड शब्द येतात. खरी माहिती मतदार पुस्तिकेतल्या टॅक्स रेट स्टेटमेंटमध्ये असते. सर्वांत जास्त दर किती होईल, कर किती वर्षे चालेल आणि मुद्दल-व्याज मिळून अंदाजे किती फेडावे लागेल, हे तिथे छापणे बंधनकारक आहे. हे एकच पान वाचले तरी दहा मिनिटांत निर्णय करता येतो. मंडळाच्या वाचकांनी ते वाचून मत द्यावे, आणि हिशेब सरळ असेल तर खुल्या मनाने होकार द्यावा.

ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या सभासदांना कर आहे, मत नाही. ही खंत रास्त आहे. पण देखरेख समितीचे दार त्यांनाही बंद नाही. तिच्या बैठका राज्याच्या ब्राउन अ‍ॅक्टनुसार सर्वांसाठी खुल्या असतात आणि नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. समितीत डिस्ट्रिक्टचा कर्मचारी किंवा कंत्राटदार बसू शकत नाही. पालक, ज्येष्ठ नागरिक, व्यावसायिक आणि करदाते यांचे प्रतिनिधी असतात. कोणत्या शाळेचे काम लांबले, कोणत्या कंत्राटाची रक्कम वाढली, हे तिथे विचारता येते. बोलण्यासाठी नागरिकत्वाचा कागद लागत नाही, आणि बैठकीला बसण्यासाठी नाव लिहून देण्याची सक्तीही कोणाला करता येत नाही.