सात टक्क्यांची भाषा

संवादकौशल्याच्या कोणत्याही वर्गात पहिल्या अर्ध्या तासात एक आकडा फळ्यावर लिहिला जातो, ७-३८-५५. माणसाच्या बोलण्यातून जे काही पोचते, त्यात शब्दांचा वाटा अवघा सात टक्के, आवाजाच्या चढउताराचा अडतीस आणि चेहऱ्याचा व देहबोलीचा पंचावन्न, असे सांगितले जाते. मुले तो आकडा भक्तिभावाने वहीत उतरवून घेतात. मीही उतरवून घेतला होता. उल्हासनगरातल्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असताना आमच्यासाठी 'व्यक्तिमत्त्व विकासा'ची तीन दिवसांची कार्यशाळा झाली होती. हस्तांदोलन किती घट्ट असावे, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहावे, खुर्चीत कसे बसावे, हे तिथे शिकवले गेले. गृहस्थ बोलायचे मात्र झकास.

हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचा. १९६७ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दोन छोटे प्रयोग केले. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे, सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवायची आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड हे ऐकणाऱ्याला ओळखायला लावायचे, एवढाच त्यांचा आवाका. भावना आणि शब्द यांचा मेळ बसत नसेल तर माणूस कशावर विश्वास ठेवतो, हा त्यातला प्रश्न. भावनांविषयीचे बोलणे सोडून इतरत्र हे सूत्र लागू होत नाही, असे खुद्द मेहराबियननेच पुढे बजावले आहे. तरीही ते सूत्र आपल्याकडे गावोगाव पोचले. शब्द शिकवणे कष्टाचे काम आहे, टाय बांधायला शिकवणे सोपे आहे, हे त्यामागचे कारण असावे असा माझा संशय आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की संवादकौशल्य या नावाने आपण विद्यार्थ्यांना जे देतो ते संवादाचे शिक्षण नव्हेच. ते विक्रेत्याचे शिष्टाचार आहेत. आणि ज्या मुलांना संवादाची खरोखर गरज आहे त्यांना आपण त्या नावाखाली फसवतो आहोत.

त्या कार्यशाळेत माझ्या शेजारी बसलेला मित्र बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला होता. बदलापुरातून मुळगावच्या बाजूने धरणाकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात सहलीला जाणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. धरणामागे जंगलाच्या कडेने वाड्या आहेत हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते. औद्योगिक विकास महामंडळाने हे धरण बांधले ते कारखान्यांना पाणी हवे म्हणून. पुढे त्याच पाण्यावर उल्हासनगर आणि आसपासची शहरे वाढली आणि धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवावी लागली. २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी साठवले गेले आणि तोंडलीसारखे गाव पाण्याखाली गेले. म्हणजे आमच्या त्या वर्गातला पाण्याचा जगही बारवीचाच होता. असो.

मित्राच्या वडिलांना एका कचेरीतून कागद आले होते. मोबदला कमी मिळाला अशी त्यांची तक्रार होती. मी वर्गात बऱ्यापैकी बोलणारा, म्हणून अर्ज लिहायला मित्र मला घरी घेऊन गेला. मी दोन पाने इंग्रजीत लिहिली. सुरुवात विनम्र, मध्ये मुद्दे, शेवटी आभार, अगदी शिकवल्याप्रमाणे. मित्राने ती पाने मराठीत सांगितली. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पोरा, ह्यात माझी झाडं कुठंयत?"

झाडे त्यात नव्हती. आंबे किती, मोह किती, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, घराला कौले आहेत की पेंढा, यांतले मी काहीच विचारले नव्हते. मोबदला तर या गोष्टींचाही असतो. त्या दुपारी मी प्रथमच गप्प बसून ऐकले. म्हातारा बोटांवर एकेक झाड मोजत होता आणि मी लिहीत होतो. पुढच्या आयुष्यात शिक्षक म्हणून जे थोडे जमले, त्याचे मूळ त्या दुपारीत आहे, कार्यशाळेत नाही. कोणी याला माझा व्यक्तिमत्त्व विकास म्हटले तर माझी हरकत नाही.

अर्जाचा उपयोग मात्र झाला नाही. पैसे आधीच उचलले होते, आणि उचलताना जिथे अंगठा उमटवला तिथे कोणतीही हरकत नोंदवलेली नव्हती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ नुसार मोबदला वाढवून मागण्यासाठी प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी करता येत असे. पण कलम ३१ मध्ये अट होती, की ज्याने रक्कम हरकत न राखता स्वीकारली त्याला तो अर्ज करता येणार नाही. वकील मंडळी ज्याला 'अंडर प्रोटेस्ट' म्हणतात ते दोन शब्द, मराठीत 'हरकत राखून', सहीच्या वर लिहिलेले असते तर दार उघडे राहिले असते. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्यात जनसुनावणी आली, अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करण्याचे बंधन आले. ही अट मात्र तशीच टिकून आहे.

शब्दांचा वाटा सात टक्के म्हणणाऱ्यांनी या म्हाताऱ्यासमोर उभे राहून तो आकडा पुन्हा सांगावा. त्याची देहबोली उत्तम होती. डोळ्यांत डोळे घालून तो बोलत असे.

यावर ठरलेला आक्षेप मला ठाऊक आहे. बदलापूरहून पहाटेची गाडी पकडणाऱ्या मुलाला नोकरी हवी असते. मुलाखतीत तो अडखळतो. त्याला इंग्रजी आणि आत्मविश्वास द्यायला नको का? जरूर द्यावा. इंग्रजीविरुद्ध माझे भांडण नाही. मुलाखतीचे शिष्टाचार मात्र एका दुपारी शिकवून होतात. त्यांना विषयाचा, श्रेयांकांचा आणि 'कौशल्या'चा मान देऊन भाषेची जागा बळकावू देऊ नये, एवढेच म्हणणे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'जीवन कौशल' नावाचा अभ्यासक्रम आणला, त्यात संवादकौशल्याला पहिले स्थान दिले आणि श्रवण, वाचन, लेखन यांची नावेही घेतली. कागदावर सारे ठीक. प्रत्यक्ष वर्गात श्रवण म्हणजे मान डोलावणे आणि लेखन म्हणजे नोकरीचा अर्ज, यापलीकडे किती ठिकाणी जातात, हे शिकवणाऱ्यांनी स्वतःलाच विचारावे.

आम्ही मराठीचे लोकही यात निर्दोष नाही. शाळेत अर्जलेखन शिकवताना आम्ही मुलांना दाखल्याची विनंती करायला शिकवतो. 'कृपा व्हावी' हे आम्ही घोटून घेतो. 'हरकत आहे' हे वाक्य मात्र एकाही नमुन्यात येत नाही.

वास्तविक या प्रांताला याहून चांगला वारसा आहे. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी सभा स्थापन केली. तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखांमध्ये तरुण मंडळी निबंध वाचत, त्यांवर चर्चा होई. पुढच्याच वर्षी त्या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या आणि त्यांत स्वतः शिकवायला उभे राहिले. बोलायला शिकल्यावर काय बोलायचे, कोणासाठी बोलायचे, हा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला नाही. डॉ. आंबेडकरांनी जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, ती समितीच्या इंग्रजीत. पुढच्या वर्षी ३१ जानेवारीला त्यांनी पाक्षिक काढले ते मराठीत, आणि नाव ठेवले 'मूकनायक'. मुक्यांना वाचा हवी हे त्यांनी ओळखले होते. आपले आजचे अभ्यासक्रम बोलक्यांना आणखी गुळगुळीत करतात.

मित्राने पुढे वकिलीचा अभ्यास सुरू केला आणि दुसऱ्या वर्षी सोडला. आता तो एका कारखान्यात आहे. वडील राहिले नाहीत. मी मात्र दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना एक तास भूसंपादनाची खरी नोटीस वाचायला देतो. विस्तार, कलम, मुदत, हितसंबंधित व्यक्ती, हे शब्द अर्थासह लिहून आणायचे. गेल्या वर्षी एका मुलीने तास संपल्यावर विचारले, "सर, ही घरी नेऊ का? आमच्याकडे अशीच एक आली आहे. कपाटात ठेवली आहे, कुणी वाचली नाही."

मी तिला नोटिशीची तारीख विचारली. तिला ती आठवत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. मुदतीचे अकरा दिवस शिल्लक होते.