एकलहऱ्याचं काय करणार, ते लेखी सांगा

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

निवेदनं झाली, मोर्चे झाले, आश्वासनंही झाली. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातले 140 मेगावॉटचे दोन जुने संच मोडीत निघाले आणि 910 मेगावॉटचं केंद्र 630 वर आलं. त्यांच्या बदल्यात 660 मेगावॉटचा नवा संच मिळणार होता. कोराडीत 660 चे तीन संच उभे राहिले, भुसावळला एक झाला. नाशिकच्या वाट्याला काहीच आलं नाही. उरलेले 210 चे तीन संच 1979 ते 1981 मधले आहेत. चाळिशी उलटलेल्या यंत्रांवर किती वर्षं ढकलणार? तिकडे सिन्नरजवळ गुळवंचला 1350 मेगावॉटचा खासगी प्रकल्प उभा राहिला आणि वीजखरेदीचा करार नाही म्हणून वर्षानुवर्षं बंद पडून राहिला. एकाच जिल्ह्यातल्या या कारभाराचा जाब कोण देणार?

कोळसा उद्याच बंद करा, असं आमचं म्हणणं नाही. सौरऊर्जेलाही विरोध नाही. शेतीच्या सौर वाहिनीमुळे दिवसा वीज मिळाली तर बिबट्याच्या भीतीत रात्री पाणी भरायला जावं लागत नाही. निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याला सौरऊर्जेचं मोल कुणी शिकवायला नको. पण दिवस मावळला की सौर वीज थांबते आणि घरोघरची मागणी वाढते. पुरेशी साठवण होईपर्यंत तेव्हा कोळसाच लागणार. मग तो कमीत कमी जाळला पाहिजे. जुन्या संचाला तेवढ्याच विजेसाठी नव्यापेक्षा जास्त कोळसा लागतो. एकलहऱ्याचे हे तिन्ही संच पूर्ण भारानं चालले तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास कोळसा जळतो, तीन हजार टनांच्या घरात राख निघते. वीज राज्यभर जाते, राख आमच्या गावांत उरते. वाळत घातलेले कपडे झटकून घ्यावे लागतात, द्राक्षाच्या पानावरून बोट फिरवलं तर करडं होतं. गंधकाच्या धुराचे निकष 2015 मध्ये आले, दोन वर्षांची मुदत होती. ती वाढवतच नेली. या काळात श्वास आम्ही घेत होतो, साहेब.

नवा संच द्यायचा नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि जुने संच बंद करण्याची तारीख जाहीर करा. कंत्राटी कामगारांना कुठे सामावणार, बंधाऱ्यातली राख कोण उचलणार, जमिनी दिलेल्या गावांना काय मिळणार, हे त्याच आदेशात लिहा. वीजवाहिन्या, उपकेंद्र, पाणी, जागा सगळं तिथे तयार आहे. विजेच्या साठवणुकीचा मोठा प्रकल्प तिथेच का उभारत नाही? येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर याचं उत्तर ठेवा, तारखांसह.

एकलहरे परिसरातला एक वीजग्राहक