कोटेशनसोबत लायसन्सची यादी मागा

ढाणकीत राहून मी दुकानदारांसाठी, कृषी केंद्रांसाठी आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. बियाण्याचे लॉट नंबर, उधारीचं खातं, हळदीची वजनपट्टी, कर्जाचे हप्ते असं काम. आमच्या उमरखेड तालुक्यात या धंद्याबद्दल एक समज पक्का बसला आहे: सॉफ्टवेअर बनवायची टूल्स लाखांची असतात, ती खेड्यातल्या माणसाला परवडत नाहीत, म्हणून क्रॅक टाकण्याशिवाय इलाज नाही. नांदेडहून जुना कॉम्प्युटर आणला की त्यासोबत पेनड्राइव्हही येतो आणि त्यात 'क्रॅक' नावाचा फोल्डर ठरलेला. हा समज मला मोडून काढायचा आहे, कारण आमच्या मापाच्या कामाला लागणारी बहुतेक टूल्स कायदेशीर मार्गाने फुकट मिळतात. पैसे नाहीत म्हणून चोरी होते असं म्हणतात. मला मात्र दिसतं ते असं, की आपला हक्क काय आहे हेच कोणी सांगितलेलं नसतं.

मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ घ्या. प्रोफेशनल आवृत्तीच्या वार्षिक वर्गणीची छापील किंमत पहिल्या वर्षी 1,199 डॉलर, म्हणजे लाखभर रुपये. पण त्याचीच कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे. एकटा माणूस स्वतःचं सॉफ्टवेअर तिच्यावर बनवून खुशाल विकू शकतो. लहान संस्थेत पाच जणांपर्यंत ती चालते. अट अशी की संस्थेकडे 250 पेक्षा जास्त कॉम्प्युटर नसावेत आणि वर्षाचं उत्पन्न दहा लाख डॉलरच्या वर नसावं.

यातली दुसरी अट आमच्या भागात अडचणीची ठरते. दहा लाख डॉलर म्हणजे साधारण साडेआठ-नऊ कोटी रुपये. कापसाचं जिनिंग चालवणाऱ्याची उलाढाल एका हंगामातच हा आकडा ओलांडू शकते, मग नफा कितीही पातळ असो. अशा मालकाने स्वतःच्या कारखान्यासाठी खास प्रोग्राम लिहून घेतला, तर तो लिहिणाऱ्या बाहेरच्या माणसालाही कम्युनिटी आवृत्ती वापरता येत नाही. तोच प्रोग्राम मी माझा माल म्हणून तयार केला आणि चार जणांना विकला, तर चालतं. शेतमालाच्या व्यापाराला उलाढालीचं माप लावणं मला अन्यायाचं वाटतं. तरीही वाट आहे. प्रोफेशनलची मासिक वर्गणी 45 डॉलर आहे. काम चालू असेल तेवढे महिने ती घ्यावी आणि तो खर्च जिनिंगवाल्याच्या बिलात उघडपणे लावावा.

डेटाबेसचा घोळ याहून जास्त सापडतो. एका पतसंस्थेत जुनी सिस्टीम पाहायला गेलो होतो. सर्व्हरला आवृत्ती विचारली, तर पडद्यावर ओळ आली: डेव्हलपर एडिशन. एसक्यूएल सर्व्हरची ही आवृत्ती 2016 पासून फुकट मिळते आणि तिच्यात सगळ्या सोयी असतात, पण ती फक्त बनवण्यासाठी आणि तपासण्यासाठी आहे. खातेदारांचे रोजचे व्यवहार तिच्यावर चालवायला परवानगी नाही. सेक्रेटरी साहेबांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तर इन्स्टॉलेशनचे पैसे मोजले होते. त्यांचा सगळा डेटा दोन जीबीसुद्धा नव्हता. रोजच्या कामाला फुकट आणि कायदेशीर असलेली एक्सप्रेस आवृत्ती, 2022 पर्यंतच्या आवृत्त्यांतसुद्धा, एका डेटाबेसला 10 जीबी जागा देते. बॅकअप घेतला, एक्सप्रेस टाकली, डेटा चढवला. एका संध्याकाळचं काम.

मी कळकळीने हे लिहितो आहे, कारण यात अडकतो तो वापरणारा. कॉपीराइट कायद्याचं कलम 63-ब जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड सांगतं. क्रॅक टाकून देणारा पोरगा तोवर पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

कंपन्यांना मी सोडत नाही. ओरॅकलने जानेवारी 2023 मध्ये जावाच्या नव्या लायसन्ससाठी हिशेबच बदलला: जावा किती मशीनवर चालतं हे न मोजता संस्थेतली सगळी माणसं मोजायची, दर महिन्याला माणशी 15 डॉलरपासून. पाचशे कामगारांचा साखर कारखाना धरा. जावा फक्त काट्यावरच्या दोन कॉम्प्युटरवर असलं तरी वर्षाला 90 हजार डॉलर होतात. ही सरळ लूट आहे. पण तेच जावा ओपनजेडीकेच्या रूपात फुकट आहे, पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस फुकट आहे, आणि मुंबईच्या फ्रापे कंपनीचं धंद्याचा कारभार सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट तर मुक्त लायसन्सवर आहे. त्यात बदल करून, गिऱ्हाईकाला बसवून देऊन, त्या सेवेचे पैसे कोणीही घेऊ शकतो.

एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटर साक्षरतेचा कोर्स 2001 साली सुरू झाला. त्याने गावोगावच्या पोरांच्या हातात माऊस दिला, हे उपकार मी मानतो. आता त्याच वर्गांत आणि कॉलेजांत लायसन्स कसं वाचायचं याचा एक तास तरी व्हायला हवा. इन्स्टॉल करताना 'मान्य आहे' दाबण्याआधी कोणत्या दोन-तीन ओळी शोधायच्या, एवढं शिकवलं तरी पुष्कळ.

तोवर दुकानदारांना, पतसंस्थांच्या संचालकांना आणि नगरपंचायतींना माझी विनंती आहे. सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवाल तेव्हा त्यासोबत एका कागदावर यादी मागा: कोणतं टूल आणि कोणता डेटाबेस, त्याची आवृत्ती कोणती, लायसन्स कोणाच्या नावावर, कधीपर्यंत, आणि रोजच्या कामाला ते चालतं का. खाली सही-शिक्का घ्या. जो ही यादी देणार नाही, त्याला काम देऊ नका.