बाई, आपल्या इकडचं कोणीच नाही का?

मुलांनो, पंधरा ऑगस्टला तुम्ही काय करता? सकाळी लवकर उठून, इस्त्रीचा गणवेश घालून शाळेत जाता. प्रभातफेरी, झेंडावंदन, भाषणं, खाऊ. दहा वाजता घरी! आणि मग? मग दिवसभर टीव्ही, नाहीतर आईचा मोबाइल. खरं की नाही?

आमच्या घरीही असंच होतं बरं का. पण एका वर्षी झेंडावंदनानंतर तिसरीतला एक मुलगा फलकापाशी थांबला. मी त्यावर स्वातंत्र्यवीरांची नावं लिहिली होती. ती सगळी वाचून तो म्हणाला, "बाई, आपल्या इकडचं कोणीच नाही का जी यात?"

मी "उद्या सांगते" म्हटलं. आणि तो 'उद्या' वर्षभर आलाच नाही! पाठ्यपुस्तकातली नावं मला पाठ होती. आपल्या जिल्ह्यातली मी कधी नीट वाचलीच नव्हती. शिकवणाऱ्या बाईला याची लाज वाटायला नको का?

म्हणून पुढच्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आम्ही सगळे एसटीने चंद्रपूरला गेलो. मुलं, त्यांचे बाबा, आजी आणि डबा!

गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाला चार मोठे दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे छोटा दरवाजा. जटपुरा दरवाज्यावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. मी तिथून कितीदा गेले असेन, पण मान वर करून तो पहिल्यांदा पाहिला माझ्या मुलीने.

नंतर आम्ही तुरुंगापाशी आलो. आत जाता येत नव्हतं, म्हणून बाहेरच उभे राहिलो. या तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्यांचा जन्म १८३३ सालचा, मोलमपल्लीचा. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. इंग्रजांशी लढायला त्यांनी जंगलातल्या तरुणांची 'जंगोम सेना' उभी केली होती. फाशी गेले तेव्हा वय अवघं पंचवीस वर्षं!

सावलीत बसून आम्ही डबा उघडला. आजी चिमूरकडची. ती एकदम म्हणाली, "माझी माय चिमूरचं सांगत होती." आणि आम्ही जेवायचं विसरलो.

१६ ऑगस्ट १९४२. नागपंचमीचा दिवस. गांधीजींना अटक होऊन आठवडा झाला होता. चिमूरला प्रभातफेरी निघाली. हो, तुमची निघते तशीच! पोलिसांनी गोळीबार केला. त्यात सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर गेला. मग जमावाचाही तोल सुटला आणि काही अधिकारी मारले गेले. पुढे सैन्य आलं आणि गावाने फार सोसलं, बायांनी तर फारच. या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला.

"सोळा म्हणजे आपल्या दादापेक्षा एकच वर्ष मोठा?" मुलीने विचारलं. दादा काही बोलला नाही. त्याने हातातला घास तसाच डब्यात ठेवला.

दुसरा दिवस सोळा ऑगस्टचाच होता. वर्गात गेल्या गेल्या त्या मुलाला हाक मारली आणि सगळं सांगितलं. तो आता चौथीत होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग फलकावर लिहा ना जी!" मी खडू त्याच्याच हातात दिला. बाबुराव शेडमाके आणि बालाजी रायपूरकर ही दोन्ही नावं त्याने स्वतः लिहिली. अक्षर थोडं वाकडं आलं, पण मी ते पुसलं नाही.

तुमच्याही तालुक्यात एखादा किल्ला असेल, हुतात्मा स्मारक असेल, नाहीतर जुना पार असेल. येत्या पंधरा ऑगस्टला आईबाबांना घेऊन तिथे जा. आजी-आजोबांना मात्र नक्की न्या. गोष्ट त्यांच्याजवळच असते. आणि हो, तिथल्या भिंतीवर खिळ्याने आपलं नाव कोरू नका हं! तिथे ज्यांची नावं असायला हवीत, ती शोधून घरी आणा आणि शाळेच्या फलकावर लिहा.

जाल ना?