तंबूतील रात्र आणि पाण्याचा पेला

मे महिन्याच्या अखेरीस सारे कुटुंब भंडारदऱ्याला जमणार, जलाशयाकाठी तंबूत राहणार, नातवंडे काजव्यांनी लखलखणारी झाडे पाहणार. बेत उत्तम आहे. आपणही अवश्य जावे. मात्र अशा मुक्कामी ज्येष्ठांकडून एक गोष्ट हमखास घडते आणि ती कोणी बोलून दाखवीत नाही. स्वच्छतागृह लांब, वाट दगडांची, त्यात अंधार. म्हणून दुपारपासूनच पाणी पिणे कमी केले जाते. ‘मला तहानच नाही’ म्हटले की विषय संपतो.

वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते, हे खरेच. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हात शरीरातील पाणी व क्षार अधिकच घटतात. मग रात्री अंथरुणातून उठताना भोवळ येते, तोल जातो. म्हणजे ज्या भीतीने पाणी टाळले, तेच पडणे ओढवते. गोळी मात्र परस्पर बंद करू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी किती घ्यावे, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

मुलांनो, सुनांनो, ‘आई, पाणी घ्या’ एवढे म्हणून भागत नाही. त्यांचा तंबू स्वच्छतागृहाजवळचा घ्या. उशाशी विजेरी ठेवा. रात्री सोबत कोण उठणार, हे त्यांच्यासमोरच ठरवा, म्हणजे हाक मारण्याचा संकोच राहणार नाही. दिवसा पेला नेऊन देण्याचे काम नातवाकडे सोपवावे. त्याला नाही म्हणणे आजीला जमत नाही.