साहेबांना दोन वर्षे द्या

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री व गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : पोलीस आयुक्तांच्या मुदतपूर्व बदल्या



हे पत्र मुंबईच्या पोलीस आयुक्तपदाविषयी आहे आणि मी ते माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरहून लिहितो आहे. आमच्या गावाला आयुक्त नाही. आमचा बंदोबस्त सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. पण मुंबईतली एक खुर्ची हलली की बदल्यांची साखळी पार जिल्ह्यापर्यंत येते. शिवाय इकडची पोरं पोलिसात आहेत. आजही पहाटे रस्त्याला आलात तर भरतीच्या 1600 मीटरचा सराव करणारी मुलं दिसतील. उद्या त्यांचा साहेब कोण असेल आणि तो किती दिवस टिकेल, याची काळजी गावानेही करायला हवी.

प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस महासंचालकांपासून पोलीस ठाण्याच्या प्रमुखापर्यंत किमान दोन वर्षांची मुदत सांगितली. आपल्या राज्याने 2014 मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून कलम ‘22-न’ आणले. सहायक आयुक्त आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना एका जागी सर्वसाधारणपणे दोन वर्षे, शिपाई-हवालदारांना पाच. लोकहित किंवा प्रशासकीय निकड असेल तर मुदतीआधीही बदली करता येईल, अशी वाटही त्याच कलमात आहे. ती अपवादासाठी होती, पण रहदारी तिथूनच जास्त झाली.

मुंबईतली 30 जून 2018 ते 30 जून 2022 ही चार वर्षे बघा. सुबोध जयस्वाल, संजय बर्वे, परमबीर सिंह, हेमंत नगराळे, संजय पांडे. पाच आयुक्त झाले, दोन वर्षे कुणाचीच भरली नाहीत. प्रत्येकाचे कारण वेगळे होते, हे मान्य. जयस्वाल महासंचालक झाले. बर्वेंचे शेवटचे महिने मुदतवाढीवर गेले. परमबीर सिंह यांना मुकेश अंबानींच्या अँटिलिया या घराबाहेरच्या स्फोटकांच्या प्रकरणानंतर हटवले गेले. पांडे यांची नेमणूकच निवृत्तीला चार महिने उरले असताना झाली. या काळात सरकारेही बदलली, त्यामुळे दोष एका पक्षाचा नाही. पण आपल्या पहिल्या कारकिर्दीतही 8 सप्टेंबर 2015 रोजी शीना बोरा खून प्रकरणाचा तपास ऐन भरात असताना आयुक्त राकेश मारिया यांना बढती देऊन होमगार्डला पाठवण्यात आले. सण तोंडावर आहेत, असे कारण सांगितले गेले. त्यांच्या जागी आलेले अहमद जावेद पाच महिन्यांच्या आत निवृत्त झाले. दोन वर्षांत तीन आयुक्त पाहिलेल्या ठाण्यातल्या हवालदाराने कुणाचे धोरण मनावर घ्यायचे?

मुदत मिळाली की काय होते, तेही याच राज्याने पाहिले आहे. दत्तात्रय पडसलगीकर जानेवारी 2016 मध्ये आयुक्त झाले आणि जवळपास अडीच वर्षे राहिले. देवनार ठाण्यातल्या एका अंमलदाराने त्यांच्यापुढे आठ तासांच्या ड्युटीचा आराखडा मांडला. बारा-बारा तास आणि त्यावर बंदोबस्त, ही मुंबई पोलिसांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. एका साध्या शिपायाचा कागद आयुक्तांनी वाचला, त्याला बोलावून घेतले, त्याच्याच ठाण्यात प्रयोग करून पाहिला आणि मग टप्प्याटप्प्याने तो इतर ठाण्यांत नेला. साहेबाकडे वेळ होता म्हणून हे जमले. मनुष्यबळ मोजायचे, पाळ्या लावायच्या, कुरकुर ऐकून दुरुस्ती करायची, ही सहा महिन्यांची कामे नव्हेत. ते गेले, पुढे खांदेपालट होत राहिले, करोना आला आणि घडी विस्कटली. 2022 मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश नव्याने काढावा लागला.

तुकोबारायांची पालखी अकलूजहून माळीनगर, श्रीपूर करत बोरगावच्या मुक्कामाला जाते, तेव्हा बाहेरगावचे पोलीस आमच्या रस्त्यावर उभे असतात. ऊन डोक्यावर, बूट चिखलाने भरलेले, आणि बंदोबस्तावरच्या बाईंना लघवीला जायला धड आडोसा नाही. आमच्या आयाबाया त्यांना घरात बोलावतात, भाकरी खायला घालतात. आठ तासांची ड्युटी म्हणजे काय, हे तेव्हा कळते. हा प्रश्न एखाद्या साहेबाच्या मर्जीवर राहू नये, असे पोटतिडकीने वाटते.

दुसरे उदाहरण भिवंडीचे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या या गावात उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि ठाण्यातले पोलीस एकत्र बसू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईतही मग सतीश साहनी आयुक्त असताना तोच मार्ग धरला गेला. असा विश्वास जमायला वर्षे लागतात.

आमच्या जिल्ह्यातही तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना मुळेगाव तांड्यावर हातभट्टी बंद करण्यासाठी ऑपरेशन परिवर्तन सुरू झाले. छापे तर पूर्वीही पडत होते. या वेळी पोलिसांनी गावे दत्तक घेतली, घरोघरी जाऊन बोलले, दुसरा रोजगार शोधून दिला. असे कामही साहेबाला वेळ मिळाला तरच होते.

कुणी म्हणेल, अधिकारीच नालायक निघाला तर? तर त्याला जरूर हटवा, पण कारण सांगून. मुदत म्हणजे अभय नव्हे. न्यूयॉर्कमध्ये रे केली 2002 पासून सलग बारा वर्षे आयुक्त होते. तरी रस्त्यात थांबवून झडती घेण्याची त्यांच्या दलाची पद्धत 2013 मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. म्हणून मुदतीसोबत आपले पोलीस तक्रार प्राधिकरणही मजबूत हवे.

म्हणून मागणे असे. आयुक्त निवडताना निवृत्तीला किमान दोन वर्षे उरलेल्यांचाच विचार व्हावा. महासंचालकपदासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये किमान सहा महिन्यांची अट स्पष्ट केली, आयुक्तांसाठी आपण त्याहून पुढे जाऊ शकता. मुदतपूर्व बदली करायची झाली तर नेमके कारण आदेशात लिहून तो जाहीर करावा. नुसते ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढे पुरे नाही. आणि आठ तासांच्या ड्युटीसारखी योजना आयुक्तांच्या परिपत्रकावर न ठेवता शासन निर्णयात आणावी, म्हणजे नव्या साहेबाला ती मोडायची असेल तर मंत्रालयात येऊन कारण द्यावे लागेल. गृहखाते आपल्याकडेच आहे. यातले बरेचसे आपल्या एका सहीने होण्यासारखे आहे.

आपला,
श्रीपूरचा एक रहिवासी
ता. माळशिरस, जि. सोलापूर